तिनीनं उचललेलं नाव

पडदा वर जातो तेव्हा समोर एक अंगण दिसतं. उजवीकडे मातीची चूल, चुलीवर कढई, कढईत तापलेली वाळू आणि वाळूत भाजत असलेल्या मेलिंजोच्या बिया. मधोमध एक काळा दगड. दगडासमोर पाटावर चाळिशी ओलांडलेली बाई बसली आहे, केस घट्ट बांधलेले, बाह्या वर सारलेल्या. ती कढईतून बी उचलते, बोटं भाजतात तरी टरफल सोलते, दगडावर ठेवते आणि हातोडीनं ठोकते. शेजारी दुसरी बी, मग तिसरी. ठोकता ठोकता बिया एकमेकींत मिसळतात आणि पापडासारखी पातळ चकती तयार होते. हेच आमचं एम्पिंग. जावातल्या क्लातेनच्या बाजारात तिनीचं एम्पिंग म्हटलं की लोक घासाघीस करत नाहीत. डावीकडे पेरूच्या सावलीत वेताच्या खुर्चीवर एक म्हातारा बसला आहे. हातात वर्तमानपत्र, पण डोळे रस्त्यावर.

एके काळी हा पडदा त्या म्हाताऱ्याच्या हाती असायचा. आमच्या केतोप्राक नाटकमंडळीत मी राण्या करायचे आणि तो पडदे ओढायचा. जंगलाचा पडदा, राजवाड्याचा पडदा, बाजाराचा पडदा. दोर ओढून ओढून त्याच्या तळव्यांना घट्टे पडले होते. मी मरणाचा प्रवेश करत असले की तो विंगेत उभा राहून माझा श्वास ऐकायचा आणि शेवटच्या उसाशावर पडदा असा हलकेच सोडायचा, की पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसायच्या. टाळ्या मला मिळायच्या. त्या निम्म्या त्याच्या होत्या, हे मी तेव्हाही सांगायचे आणि आजही सांगते.

आता राण्या संपल्या, मंडळी मोडली. माझं घर तिनीच्या घरासमोर आहे. तिनी म्हणजे वार्तिनी, त्याची एकुलती एक मुलगी. नवरा कालिमांतानला खाणीवर कामाला गेला तो तिकडचाच झाला. तिनीनं त्याच्या नावानं रडणं एका पावसाळ्यात उरकलं आणि दगड-हातोडी घेऊन बसली. मला ती बूदे म्हणते, आईची थोरली बहीण असावी तशी. म्हातारा मला अजूनही राणीसाहेब म्हणतो, बहुतेक वेळा चिडवायलाच.

म्हाताऱ्याचं नाव सांगायचं राहिलं, आणि गोष्ट सगळी तिथेच आहे. आमच्याकडे पुरुष लग्न झालं की नवं, मोठं नाव घेतो. त्याच्या लग्नात मंडळीच्या मालकानं कौतुकानं नाव दिलं, वीरोयुदो. युद्धातला वीर. ओळखपत्रावर, दवाखान्याच्या कार्डावर, सगळीकडे तेच. सत्तरी आली आणि लघवीचा त्रास सुरू झाला. तपासण्या झाल्या, प्रोस्टेटच्या गाठीत कॅन्सर निघाला. सोलोच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन करून ती सगळी ग्रंथीच काढून टाकली. डॉक्टरांनी तिनीला समोर बसवून सांगितलं होतं, "ग्रंथी गेली, तेव्हा ती रक्तात जे सोडते तेही आता जवळजवळ शून्य राहायला हवं. दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं. आकडा चढायला लागला तर घाबरायचं नाही, पण लगेच यायचं. लवकर आलात तर हातात उपाय आहे."

तिनीनं हे जिवाचा कान करून ऐकून घेतलं. पहिल्या तपासण्यांना ती स्वतः बरोबर गेली. आकडा जमिनीला चिकटलेला.

पण म्हाताऱ्याची तब्येत काही सावरेना. एकदा न्हाणीत पडला, दोनदा ताप आला, जेवण जाईना. गल्लीतल्या म्हाताऱ्या कुजबुजू लागल्या की नावच जड आहे, या माणसाला पेलत नाही. आमच्याकडे नाव जड झालं की ते उतरवतात. तिनीला बापाचा ताप उतरायला हवा होता, तिनं हेही केलं. स्लामेतान मांडलं, म्हणजे शेजारीपाजारी बोलावून प्रार्थना आणि जेवण. लाल आणि पांढरी खीर केली, एक गुळाची, एक साधी. मशिदीच्या मोदिनांनी दुवा मागितली आणि वीरोयुदोचा वालुयो झाला. वालुयो म्हणजे बरा झालेला. त्या दिवसापासून जुनं नाव कुणी तोंडातून काढायचं नाही. चाळीस वर्षं मी त्याला वीरो म्हणून हाका मारल्या होत्या, जीभ चावून चावून सवय मोडली.

आणि काय सांगावं, म्हातारा खरंच सुधारला. भात मागून घेऊ लागला. ईदच्या आधी तिनीकडे एम्पिंगच्या ऑर्डरी तुंबल्या तेव्हा म्हणाला, "तू बस ठोकत. सोलोला माझा मी जातो. मी काय लहान आहे?" पुढच्या खेपेलाही तो एकटाच गेला, आणि संध्याकाळी सातेचं पुडकं घेऊन परतला.

"राणीसाहेब, या या! आज माझ्याकडून मेजवानी. डॉक्टर म्हणाला, वयाच्या मानानं उत्तम. एकदम नॉर्मल."

तिनीची हातोडी थांबली. "वयाच्या मानानं? असं म्हणाले?"

"हो तर. या वयात चारपर्यंत चालतं म्हणे. माझा एकसुद्धा नाही. शून्य पॉइंट सहा."

"सहा कुठून आले? पहिल्यांदा तर यंत्राला मोजायलाच काही सापडत नव्हतं."

"ते पहिल्यांदाचं. आता मी जेवतो खातो."

"बापाक, कुठल्या डॉक्टरकडे गेला होतात?"

म्हाताऱ्यानं सातेची काडी तोंडात धरली आणि मांस चघळायला लागला. नको तेव्हा तोंड भरून घेण्याची त्याची ही युक्ती मंडळीच्या मालकालाही ठाऊक होती.

"बापाक."

"इथलाच. बस थांब्याजवळचा. चांगला मुलगा आहे. सोलोला जाऊन हाडं कशाला खिळखिळी करायची?"

"मागच्या खेपेलाही तिथेच?"

"मागच्या खेपेलाही."

"त्याला ऑपरेशनचं सांगितलंत?"

"कुणाच्या ऑपरेशनचं?"

"तुमच्या!"

"माझं कधी झालं? ऑपरेशन त्याचं झालं, ज्याचं नाव आपण घेत नाही. वालुयोला आजपर्यंत काहीसुद्धा झालेलं नाही."

"आणि पोटावरची शिवण? ती कुणाची?"

"त्यानं सदरा वर करायला सांगितलाच नाही."

मला हसू फुटलं. मग मी तिनीकडे पाहिलं आणि ते तिथेच विझलं. ती उठली होती. हात पदराला पुसत ती सावकाश म्हणाली, "त्या डॉक्टरचं चुकलं नाही. त्याला वाटलं, साध्या म्हाताऱ्याची साधी तपासणी. ज्याच्या पोटात ती गाठ आहे त्याच्या रक्तात चारपर्यंत चालत असेल. तुमची तर काढून टाकली, बापाक. मग हे सहा कोण सोडतंय?"

म्हाताऱ्यानं हातातली काडी खाली ठेवली. साते तशीच राहिली.

दुसऱ्या दिवसापासून तिनीनं एकच ध्यास घेतला, बापाला सोलोच्या इस्पितळात उभं करायचं. तिनं फोन केला. तिथून कळलं की या, जरूर या, लवकर या. पण ऑपरेशनची माहिती, विमा, सगळं कार्डावरच्या नावानं. कार्डावरचं नाव बदलायचं तर कोर्टात जावं लागेल, त्याला महिने लागतील. तोवर नाव पुकारलं की रुग्णानं उठून यायचं.

म्हातारा खुर्चीतून हलेना. "त्या हॉलमध्ये ते नाव भोंग्यावर पुकारतात. आजार तिथेच कान टवकारून बसलेला असणार. मी 'हो' म्हटलं की आला मानगुटीवर."

"तो आधीच आलाय, बापाक."

"वालुयोकडे नाही आला."

"बरं, मग वालुयो म्हणूनच चला. मी सगळ्यांना समजावते."

"कार्ड कुणाचं दाखवशील?"

दोन दिवस दोघं एकमेकांशी भांड्यांच्या आवाजात बोलले. तिसऱ्या दिवशी तिनं मला हाक मारली, "बूदे, चला मोदिनांकडे. नाव त्यांनी उतरवलं, त्यांनाच विचारू."

मोदिन मशिदीच्या पायरीवर बसून बिघडलेला लाउडस्पीकर उघडत होते. तिनीनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी पेचकस खाली ठेवला.

"ते नाव परत त्याच्या डोक्यावर ठेव म्हणून मी सांगणार नाही. माणसाचा धीर नव्या नावावर उभा आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी आपण एवढंच मागितलं की हा भार त्याच्यावरून उतरू दे."

"उतरवून ठेवला कुठे?"

मोदिन टोपी मागे सारून विचारात पडले. "ते काही कुणी विचारलं नव्हतं."

"म्हणजे मालक नसलेलं नाव आहे. मी घेते."

"तू? अगं, पुरुषाचं नाव आहे ते."

"नावाला मिशा असतात का, मोदिन?"

ते माझ्याकडे बघायला लागले. मी आकाशाकडे बघितलं. तिनी मात्र तोवर खिरीला तांदूळ किती लागतील याचा हिशेब करत पायऱ्या उतरत होती.

गुरुवारी संध्याकाळी तिच्या अंगणात पुन्हा चटया पडल्या. पुन्हा लाल खीर, पांढरी खीर, मधोमध भाताचा शंकू. शेजारी जमले आणि चेष्टेला ऊत आला. "काय रे वीरोयुदो, तांबडं लुगडं नेसून युद्धाला?" "आता हिला मशिदीत पहिल्या रांगेत बसवा!" तिनी सगळ्यांना वाढत होती आणि सगळ्यांची उत्तरं देत होती. "खीर खा आधी, मग माझ्याशी लढायला या."

मोदिनांनी दुवेसाठी हात उचलले तसा म्हातारा खुर्चीतून उठला. "थांबा. हे होऊ देणार नाही मी. तिनी, कळतंय का तुला? तो नावाचा माग काढत येतो. तुझ्याकडे येईल तो!"

म्हातारा स्वतःसाठी हट्ट करत होता असं आम्ही धरून चाललो होतो. त्याला पोरीचीही भीती आहे हे त्या क्षणी दिसलं.

तिनीनं हातातला डाव खिरीत ठेवला. "येऊ दे की, बापाक. त्या आजाराला जी गाठ लागते ती बाईच्या पोटात नसतेच मुळी. येईल, धुंडाळेल, काही सापडणार नाही. बसायला जागाच नाही त्याला माझ्याकडे."

पहिले हसले ते मोदिन. दुवेसाठी उचललेले हात तसेच वर, आणि पोट गदगदा हलतंय. मग सगळं अंगण. मी रंगमंचावर कितीतरी चतुर प्रधान पाहिले, राजांना निरुत्तर करणारे. पण त्यांना लिहून दिलेलं असायचं. म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. शेवटी तो बसला आणि म्हणाला, "गूळ कमी पडलाय लाल खिरीत." त्याचा होकार म्हणजे हा.

सोमवारी आम्ही तिघं सोलोच्या बसमध्ये. म्हाताऱ्यानं ठेवणीतला बाटिकचा शर्ट घातला होता आणि तिनीची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली होती. कंडक्टरनं विचारलं, "कुठे, आजोबा?" तर छाती काढून म्हणतो, "मुलीला इस्पितळात दाखवायला नेतोय." वाटेत तिला दोनदा विचारलं, काही खाल्लंस का, उपाशीपोटी गरगरेल. तिनी प्रत्येक वेळी निमूट म्हणाली, "हो, बापाक."

हॉल गच्च भरलेला. भोंग्यावर नाव आलं, "बापाक वीरोयुदो." म्हाताऱ्यानं माझं मनगट पकडलं. बोटांत अजून दोर ओढणाऱ्याची ताकद होती. पण तोवर तिनी उभी राहिली होती, आणि इतक्या खणखणीत आवाजात "हो!" म्हणाली की चार रांगा वळल्या.

खिडकीतल्या परिचारिकेनं कार्डावरचा फोटो पाहिला, तिनीला पाहिलं. "रुग्ण कुठाय?"

"रक्त यांच्या हातातून घ्या. नाव माझ्याकडे असतं."

परिचारिकेनं म्हाताऱ्याला पाहिलं, फोटो पुन्हा पाहिला, आणि तिच्या लक्षात आलं. जावाचीच पोर होती. "जड झालं होतं का?" तिनं हळूच विचारलं. तिनीनं मान हलवली. "माझ्या काकांची तर तीन नावं झाली," ती म्हणाली आणि म्हाताऱ्याकडे वळून, "या पाक, बाही वर करा."

डॉक्टर सुमात्राकडचा, तरुण, सरळ बोलणारा. तिनीनं आत जाताच त्याला सांगून ठेवलं की बोला सगळं, काही लपवू नका, फक्त नाव घेऊ नका. त्यानं भुवया उंचावल्या, पण पूर्ण भेटभर त्यानं ते पाळलं. बस थांब्याजवळचा आकडा पाहून त्यानं सांगितलं की मी पुन्हा मोजतो, एका आकड्यावर निर्णय घेत नाही. पुन्हा मोजला, काही दिवसांनी आणखी एकदा. आकडा खरा होता, आणि चढत होता. यंत्राखाली झोपवून चित्रं काढली, त्यात दूर कुठे काही पसरलेलं दिसलं नाही. "ग्रंथी होती त्या जागी काही पेशी उरल्या असाव्यात," तो म्हणाला. "त्या जागेवर किरण द्यायचे. आता आलात ते बरं केलंत. वर्षानं आला असतात तर मी इतक्या स्वस्थपणे बोललो नसतो."

पहिल्या दिवशी किरणांच्या खोलीबाहेर म्हातारा बाकावर जाऊन बसला आणि पाय रोवले. "जा," तिनीला म्हणाला. "नाव तुझं. तू जा आत. मी पिशवी सांभाळतो."

आधी मला वाटलं विनोद करतोय. चेहरा पाहिला तर घाम फुटलेला. आतून दार उघडलं, हिरव्या कपड्यातला माणूस वाट बघत उभा.

तिनी त्याच्यासमोर उकिडवी बसली. ओरडली नाही, रडली नाही. एम्पिंगची चकती कडेला जाड राहिली की ती जशी परत एकदा ठोकते, नेमकी आणि न चुकता, तशी बोलली.

"नाव मी उचललं, बापाक. कितीही वर्षं उचलीन. पण अंग तुमचं आहे, ते मला उचलता येत नाही. आलं असतं तर तेही उचललं असतं. आत जायचं तुम्हालाच."

"दुखेल का?"

"डॉक्टर म्हणाले दुखत नाही. दमायला होईल, लघवीला जळजळेल, ते मी बघेन."

"दार बंद करतात?"

"करतात. मी बाहेर आहे. हलणार नाही."

म्हाताऱ्यानं डोक्यावरची काळी टोपी काढली, तिच्या हातात दिली आणि आत गेला. पाठ ताठ होती. वळून पाहिलं नाही. दार बंद झालं तेव्हा तिनीनं टोपी पोटाशी घट्ट धरली आणि खाली बसली.

पुढे दीड महिन्याच्या वर हेच चाललं, शनिवार-रविवार सोडून रोज. पहाटे बिया भाजायच्या, उजाडता उजाडता जमतील तेवढ्या ठोकायच्या, मग बस. किरण घेताना मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणून वेळ साधून पाणी पाजायचं. म्हातारा बाटली बघून तोंड फिरवायचा. "रस्त्यावर खड्डे किती, आणि ही मला पाणी पाजते! ड्रायव्हरला सांग, माणसं आहेत आत, नारळ नाहीत." तिनी म्हणायची, "आणखी चार घोट." एकदा पोचायला उशीर झाला, त्याला धीर धरवला नाही, सगळं पहिल्यापासून. पुन्हा पाणी, पुन्हा वाट. त्या दिवशी परतीची बस चुकली, तिनीची ऑर्डर चुकली, गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. "जाऊ दे," ती म्हणाली, "तोंडाला माझी चव लागलीय त्याच्या, येईल परत." ते आलं नाही. तिनं दुसरं गिऱ्हाईक शोधलं.

दमलेला म्हातारा तिला टाकून बोलायचाही. म्हणायचा, तुझ्या आईनं मला असं फरफटवलं नसतं. तिनी म्हणायची, "आईनं तुम्हाला पाठीवर टाकून नेलं असतं. उठा."

किरण संपले. मग थांबायचं, आणि पुन्हा रक्त. पहिल्यांदा आकडा निम्म्यावर आला. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी खाली. डॉक्टर म्हणाला, छान, पण तपासण्या चालू ठेवायच्या, वर्षानुवर्षं. दर खेपेला भोंग्यावर तेच नाव येतं, दर खेपेला तिनीच "हो" म्हणते. हॉलमधल्या नव्या लोकांना गंमत वाटते. म्हातारा त्यांना समजावतो, "ती आमची आजारी. मी सोबतीला येतो."

परवा आम्ही पुन्हा सोलोला गेलो होतो. आकडा पहिल्यासारखा जमिनीला टेकलेला. म्हातारा खुशीत बस स्थानकावर बाक्सोचा, मांसगोळ्यांच्या रश्श्याचा, गरम वाडगा खायला पळाला. तिनी पुढच्या तपासणीची तारीख फोनमध्ये टाकत होती. तिच्या कानशिलावर चार पांढरे केस आलेत. मी म्हटलं, "तिनी, पोरी, आता तो बरा आहे. एक स्लामेतान घाल आणि उतरव ते नाव. किती दिवस वाहणार आहेस?"

तिनं फोन कमरेला खोचला आणि स्थानकाच्या टोकाकडे पाहिलं.

"पुढच्या खेपेला आकडा इथेच राहिला, तर त्याच्या पुढच्या खेपेचं बघायचं. नाही राहिला, तर पुन्हा दार गाठायचं. माझं काही दुखत नाही, बूदे. ती बघा, बस लागली. तुम्ही चढून खिडकीची जागा धरा, मी बापाकांना उठवून आणते. वाडगा संपल्याशिवाय उठायचे नाहीत ते."